बावीस किलो

“समोर आकड्याकडे बघा. वर काय बघताय?” नर्स म्हणाली.

बाबा वजनाच्या यंत्रावर उभे होते आणि छताच्या पंख्याकडे बघत होते. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या ट्रकांची वजनं करणारा हा माणूस स्वतःच्या आकड्याकडे बघायला तयार नव्हता. शेवटी नर्सनेच तो मोठ्याने वाचला, “एकशे चार,” आणि कागदावर लिहून घेतला. उतरताना बाबांनी भिंतीला हात टेकला. टीचभर उंचीवरून उतरतानाही त्यांना धाप लागली होती.

आत डॉक्टरांसमोर आम्ही तिघं बसलो. आई, बाबा आणि मी. डॉक्टरांनी कागद दोनदा चाळले.

“रक्तगट जुळतो,” ते म्हणाले. “पण चांगली बातमी तेवढीच. वजन बघा, रक्तदाब बघा. साखर अगदी काठावर. तुमची एक किडनी मी काढली आणि दोन वर्षांत उरलेली दमली, तर माझ्याकडे एकाच्या जागी दोन पेशंट होतील.”

“म्हणजे नाही?”

“आज नाही. ऐंशीच्या आसपास येऊन दाखवा. साखर उतरू द्या, रक्तदाब ताळ्यावर येऊ द्या. मग बोलू.”

“किती दिवस लागतील?”

“ते मी कसं सांगणार? तो तुमचा आणि तुमच्या ताटाचा मामला आहे.”

आईला हसू आलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “झालं समाधान? मी आधीपासून सांगतेय, मला कुणाचं काही नको.”

गाडीत बसताना बाबांनी नेहमीसारखं आधी दार धरलं, मग श्वास घेतला, मग बसले.

आई शाळेत शिवण शिकवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस, दर वेळी चार तास, ती हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसच्या पलंगावर पडून असायची. डाव्या हातात दोन जाड सुया, बाजूला रक्त धुऊन काढणारं यंत्र. माझा रक्तगट जुळत नव्हता. माझ्या दोन्ही मामांनी सुरुवातीला फार चौकशी केली, मग हळूहळू त्यांना फोन ऐकू येईनासा झाला. राहिले बाबा.

आणि बाबा कसे, तर खुर्चीतले. लोखंडाच्या कारखान्याच्या फाटकाशी वजनकाटा होता आणि त्याला लागून काचेची केबिन. भंगार घेऊन येणारा प्रत्येक ट्रक त्या काट्यावर चढायचा, आत माल रिकामा करून परत यायचा, पुन्हा चढायचा. भरलेलं वजन, रिकामं वजन. बाबांच्या खुर्चीला चाकं होती, त्यामुळे त्यांच्या पायांना काम उरलं नव्हतं. खिडकीपाशी सरकायचं, यंत्रापाशी सरकायचं, पाठीमागच्या फळीवरच्या बिस्किटांपाशी सरकायचं. ट्रकचं मागचं चाक काट्याबाहेर राहिलं तर माइकवरून ओरडायचं, “घे थोडी पुढे!” आई म्हणायची, “उंटावरून शेळ्या हाकतात ते ऐकलं होतं. तुझे बाबा खुर्चीवरून ट्रक हाकतात.”

माणूस वाईट नव्हता हो. कधी कुणाला वेडंवाकडं बोलले नाहीत, कुणाचं वजन कमीजास्त लिहिलं नाही. फक्त कसलीच हालचाल करायची नाही, हा जणू त्यांचा स्वभावच झाला होता. घरी येऊन पुन्हा खुर्ची. तिथेच चहा, तिथेच जेवण, तिथेच घोरणं.

डॉक्टरांनी नाही म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा पांढरे शुभ्र बूट घेऊन आले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते धावायला गेले. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत धावले आणि दुकानाच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिले. दुकानदाराने पाणी दिलं आणि घरी फोन केला. मग त्यांनी खाणं तोडलं. सकाळी काकडी, दुपारी काकडी, संध्याकाळी उकडलेलं एक अंडं. चेहरा असा केलेला की जणू फाशीची शिक्षा झालीय.

नवव्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तर दारामागे बाबा उभे. हातात बिस्किटांचा डबा. तो रिकामा झाला होता आणि ते बोटाने तळाचा चुरा गोळा करत होते. मला बघून त्यांनी डबा पाठीमागे नेला. चौपन्न वर्षांचा माणूस!

“आईला सांगू नकोस,” ते म्हणाले.

“मला सगळं ऐकू येतंय,” आतून आईचा आवाज आला. “नव्याचे नऊ दिवस म्हणतात. तुम्ही अगदी मोजून नऊ केलेत.”

त्या दिवशी संध्याकाळी बाबा आईला डायलिसिसला घेऊन गेले तेव्हा मीही सोबत होते. तिथे एक वयस्कर सिस्टर होत्या. सगळे त्यांना मोठी सिस्टर म्हणायचे. बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर, बोलणं तुटक. आईला सुया टोचून झाल्यावर त्यांनी बाबांकडे पाहिलं.

“काय, धावणं थांबलं वाटतं?”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने छताकडे. सगळी खबर आधीच पोचली होती.

“माझ्याच्याने होत नाही सिस्टर,” बाबा म्हणाले. “माझ्यात जिद्दच नाही.”

“जिद्द कुणी मागितलीय? वीस वर्षं मी इथे आहे. जिद्दवाले पुष्कळ पाहिलेत. पहिल्या आठवड्यात पर्वत हलवतात, दुसऱ्या आठवड्यात दिसत नाहीत.” त्यांनी आईच्या हातावरची पट्टी नीट केली. “असं करा. एकच गोष्ट ठरवा. इतकी लहान, की लोकांना सांगायची लाज वाटली पाहिजे. ती रोज करायची. आजारी असलात, कंटाळा आला, भांडण झालं, तरी करायची. जमली म्हणजे दुसरी.”

“कसली गोष्ट?”

“ते मला काय माहीत? तुम्ही दिवसभर काय करता?”

“बसतो,” बाबा म्हणाले. ते इतकं प्रामाणिकपणे म्हणाले की सिस्टरसुद्धा हसल्या.

“मग उठायचं एक कारण शोधा.”

ते कारण बाबांनी दुसऱ्या दिवशी शोधलं. ट्रक काट्यावर चढला की माइकवरून ओरडायचं नाही. उठायचं, केबिनच्या बाहेर जायचं, मागची चाकं काट्यावर आहेत का ते स्वतः डोळ्यांनी बघायचं आणि परत येऊन वजन लिहायचं. जाऊन-येऊन चाळीस पावलं. बस्स.

पहिल्या दिवशी ड्रायव्हर लोक घाबरले. साहेब बाहेर आले म्हणजे काहीतरी लफडं आहे असं त्यांना वाटलं. एक तर ट्रक सोडून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. चार-पाच दिवसांनी त्यांना कळलं की साहेब फक्त चाकं बघतात आणि परत जातात.

“माइक बिघडला का साहेब?” एकाने विचारलं.

“नाही. मी बिघडलोय,” बाबा म्हणाले.

दिवसाला साधारण पन्नास गाड्या. प्रत्येक गाडी दोनदा. चाळीस पावलं गुणिले शंभर, हा हिशोब बाबांनी केला नाही. तो मी केला आणि थक्क झाले. त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, “नको सांगू. एकदम एवढं ऐकलं तर पाय बसतील माझे.”

महिन्याने वजन केलं. एकशे तीन. बाबांचा चेहरा पडला. डायलिसिसच्या खोलीत ते मोठ्या सिस्टरांना म्हणाले, “महिनाभर मरमर करून एक किलो.”

“मी वजन विचारलंच नाही,” सिस्टर म्हणाल्या. “किती दिवस चुकलात ते सांगा.”

बाबांनी आठवून पाहिलं. “एकही नाही.”

“मग? आता दुसरी गोष्ट.”

दुसरी गोष्ट चहातल्या साखरेची. तीही एकदम नाही. आठवड्याला पाव चमचा कमी. तिसरी, घास तोंडात असेपर्यंत चमचा ताटात खाली ठेवायचा. ही सगळ्यात अवघड निघाली. तीस वर्षं ज्या हाताने पहिला घास गिळायच्या आत दुसरा तयार ठेवला, तो हात रिकामा झाला की बावरून जायचा. बाबा तो हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे असे बघायचे जणू पाहुण्याचं अवखळ पोर. आईला हे बघून हसू आवरायचं नाही. “थेंबे थेंबे तळं साचतं,” ती म्हणायची, “तुमचं साचलेलं तळं थेंबाथेंबाने आटवायचंय. बसा आता.”

चौथी गोष्ट हॉस्पिटलातली. आईचे चार तास संपेपर्यंत बाबा बाहेरच्या बाकावर डुलक्या काढायचे. आता दर तासाला एकदा जिना उतरायचा आणि चढायचा ठरला. सुरुवातीला ते मधल्या वळणावर थांबून नोटिसा वाचायचे. सहाव्या महिन्यात एकदा मी जिन्यात भेटले तेव्हा ते थांबले नाहीत. बोलत बोलत वर चढले. वर पोचल्यावर ते त्यांच्या आणि माझ्या, दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. बाबांनी मागे वळून पायऱ्यांकडे पाहिलं.

वजन उतरत होतं, पण मला जास्त आठवतात त्या बाकीच्या गोष्टी. बाबांचं घोरणं थांबलं, आणि पहिल्या शांत सकाळी आईने घाबरून त्यांच्या नाकापुढे हात धरून पाहिला. ते वाकून बुटाची नाडी बांधू लागले, श्वास न कोंडता. केबिनच्या मागे एक जुनं झाड आहे हे त्यांना सव्वीस वर्षांनी कळलं. ड्रायव्हर लोकांची नावं, गावं, पोरंबाळं त्यांना माहीत झाली. पूर्वी जेवणाच्या ताटावर ते गप्प असायचे. आता रोज काहीतरी सांगायला असायचं. अमक्याच्या मुलीला नोकरी लागली. तमक्याने आज काट्यावर ट्रकसोबत स्वतःच्या बायकोचं वजन करून घेतलं, काट्याने वीस किलो जास्तच दाखवले म्हणून दोघांत भांडण. आई ऐकता ऐकता उठून बसायची.

नवव्या महिन्यात बाबा एकोणनव्वदवर आले. आणि त्याच आठवड्यात आईला थंडी वाजून ताप भरला.

डायलिसिसच्या सुया टोचायच्या जागी जंतू शिरले होते. ते रक्तात गेले. आईला अतिदक्षता विभागात ठेवलं. पहिले तीन दिवस डॉक्टर आमच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. बाबांनी हातपाय गाळले. रजा टाकून ते हॉस्पिटलच्या बाकावर बसले, ते बसलेच. जिना सोडला. कँटीनमधून कुणी काही आणून हातात दिलं की खायचे, न दिलं तर स्वतः जाऊन आणायचे. तळलेले बटाटे, केक, गोड पाव. त्यांना चवही कळत नसावी. मी एकदा म्हटलं, “बाबा, चार पावलं तरी चाला,” तर माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. “ती तिथे आत पडलीय आणि मी इथे वजन कमी करू? कुणासाठी?”

अकराव्या दिवशी आईला साध्या वॉर्डात आणलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता. बाबा पलंगाजवळच्या खुर्चीत बसले तेव्हा खुर्ची करकरली. आईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ज्या बाईने हजारो मुलींच्या कमरांची मापं घेतली, तिला चार किलो लपत नाहीत.

“सोडलंत ना सगळं?”

बाबांनी मान खाली घातली.

“माझ्यामुळे?”

“मग काय करणार होतो? जीव थाऱ्यावर होता का माझा?”

आई मला म्हणाली, “ती माझी बाटली दे गं इकडे.”

पलंगाशेजारच्या कपाटावर तिची पाण्याची बाटली होती. छोटी, मुलांच्या शाळेच्या डब्यासोबत असते तशी. आईच्या शरीराबाहेर पाणी जायला वाट नव्हती, त्यामुळे चोवीस तासांत तेवढंच पाणी तिने प्यायचं असा नियम होता. चहा, औषधाचा घोट, सगळं त्यातच धरायचं. हे मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं. जसं घड्याळ भिंतीवर आहे हे माहीत असतं तसं.

“ही कधी नीट बघितलीत?” आई म्हणाली. “दोन वर्षं होऊन गेली. उन्हाळे गेले. घसा कोरडा पडून रडू यायचं मला, तुम्ही दोघं बाहेर गेलात की. पण हिच्यावर एक घोट जास्त घेतला नाही. कुणी शाबासकी दिली का? तुम्ही पाव चमचा साखर सोडलीत तर घरात केवढा सोहळा.”

मला स्वतःची लाज वाटली. नऊ महिने मी बाबांची पावलं मोजत होते. ज्या घरात रोज कुणीतरी तहान मोजत होतं, त्या घरात.

“आणि तेही कुणासाठी केलं नाही मी,” ती पुढे म्हणाली. “तुमच्यासाठी नाही, हिच्यासाठी नाही. सकाळी उठलं की बाटली भरायची, एवढंच. ज्या दिवशी जगावंसं वाटत नव्हतं त्या दिवशीसुद्धा भरली. कारण रोज भरते. तुम्ही माझ्यासाठी चालत असाल ना, तर नका चालू. मी आज आहे, उद्या नाही. माझ्या जिवावर चालणारे पाय माझ्याबरोबरच थांबायचे.”

एवढं बोलून ती दमली. डोळे मिटून पडली. बाबा बराच वेळ त्या बाटलीचं झाकण उघडत आणि लावत बसले. मग उठले. मला वाटलं बाथरूमला गेले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि श्वास फुललेला.

“कुठे गेला होता?” आईने डोळे न उघडता विचारलं.

“तासाचा जिना राहिला होता,” बाबा म्हणाले.

त्यानंतर बाबांनी कुणाला वजन सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. घरात त्यावर बोलणंच बंद झालं, जसं दात घासण्यावर कुणी बोलत नाही. बाबा आता सकाळी आईची बाटली स्वतः भरायचे. अगदी रेघेपर्यंत, डोळ्यांच्या पातळीवर धरून. आणि तिच्यासमोर पाणी पिणं त्यांनी बंद केलं. ते कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या सिस्टरांनीसुद्धा नाही.

पंधरा महिने पूर्ण झाले तेव्हा आम्ही पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी कागद पाहिला, बाबांकडे पाहिलं आणि पुन्हा कागद पाहिला.

“पेशंटचे मिस्टर आले नाहीत का?”

“मीच तो,” बाबा म्हणाले.

ब्याऐंशी किलो. डॉक्टर उठून टेबलाच्या अलीकडे आले आणि त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. “काय केलंत तरी काय? कुठलं औषध, कुठला कोर्स?”

बाबा अवघडले. मोठ्या सिस्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं होतं. त्यांना सांगायची लाज वाटत होती. “काही नाही साहेब,” ते म्हणाले, “चाकं बघायला उठायचो.”

तपासण्या महिनाभर चालल्या. साखर उतरली होती, रक्तदाब ताळ्यावर आला होता. हृदय, फुप्फुस, सगळं ठीक. शेवटी होकार आला, ऑपरेशनची तारीख मिळाली. आणि घरी आल्यावर आई म्हणाली, “मी हे करून घेणार नाही.”

आधी आम्हाला ती थट्टा वाटली. पण ती स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून खरंच रडत होती.

“आत्ता कुठे तुम्ही माणसांत आलात,” ती म्हणाली. “जिना चढता, हसता, रात्री नीट झोपता. तीस वर्षांत मी तुम्हाला असं पाहिलं नव्हतं. आणि आता तुमचं पोट फाडायचं? चांगला झालेला माणूस पुन्हा आजारी पाडायचा, तोही माझ्यासाठी? मला नाही सोसायचं ते. चाललंय माझं बाटलीवर.”

मी काहीतरी बोलणार होते. बाबांनी मला हाताने थांबवलं. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले, मांडी घालून. असं बसणं त्यांना पंधरा महिन्यांपूर्वी जमलंच नसतं.

“तूच म्हणालीस ना, माझ्यासाठी करू नका?”

“म्हणाले.”

“मग नाही केलं तुझ्यासाठी. पहिले नऊ महिने केलं, ते खोटं नाही. पुढे नाही. पुढे मला बरं वाटायचं म्हणून केलं. सकाळी उठलं की पाय आपोआप निघायचे. आता या सगळ्यात माझ्याकडे दोन चांगल्या किडन्या झाल्यात. डॉक्टर म्हणतात एकीवर भागतं. दुसरी नुसती पडून राहणार.” ते थांबले. “शेजाऱ्यालासुद्धा दिली असती. तू तर घरातली.”

आई रडता रडता हसली. “शेजारी घेणार नाहीत. त्यांना वाटेल तुमच्यासारखे घोरायला लागू.”

“घोरणं थांबलंय.”

“माहितीय,” ती म्हणाली. “मीच तर ऐकत जागी असायचे.” आणि पदराने तोंड पुसून ती उठली, बॅगेत काय काय भरायचं ते बघायला.

ऑपरेशन सहा तास चाललं. दोन शेजारशेजारच्या खोल्यांत दोन टेबलं. आधी बाबांना आत नेलं, मग आईला. मी बाहेरच्या जिन्यावर बसले होते. मोठ्या सिस्टरांची त्या दिवशी सुटी होती, तरी त्या आल्या आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या. स्वेटर विणत होत्या. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “दोघंही ठीक आहेत.” सिस्टरांनी सुया गुंडाळल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या वॉर्डात गेले तेव्हा ते पलंगावर बसले होते. चेहरा पांढरा, एक हात बरगड्यांखाली धरलेला. नर्स म्हणाली, “उद्यापासून चालवू यांना. आज फक्त पाय खाली सोडून बसू देत.”

“आई कुठे आहे?” बाबांनी मला विचारलं.

“कॉरिडॉरच्या टोकाला. काचेच्या खोलीत. आत कुणाला सोडत नाहीत.”

“लघवी?”

हे त्यांनी हळूच विचारलं. पण वॉर्डात त्या सकाळी सगळे तेच विचारत होते. आईला जवळजवळ तीन वर्षं लघवी झाली नव्हती. नवी किडनी लागली की नाही, ते त्यावरूनच कळायचं.

“रात्रभर होतेय,” मी म्हटलं. “पिशवी तीनदा बदलली. सफाई करणाऱ्या मावशी सगळ्या मजल्यावर सांगत सुटल्यात.”

बाबांनी डोळे मिटले. मग नर्सकडे वळून म्हणाले, “मला तिथे जायचंय.”

“आज नाही काका. उद्या.”

“हळू जाईन.”

नर्सने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक बाजू तिने धरली, एक मी. निघण्याआधी बाबांनी मला थांबवलं. पेल्यातलं थोडं पाणी तळहातावर घेतलं आणि विस्कटलेले केस बसवले. हॉस्पिटलच्या झग्याची वरची नाडी सुटली होती, ती त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली.

ते अंतर फार नव्हतं. आम्हाला पाऊण तास लागल्यासारखं वाटलं, लागली असतील दहा मिनिटं. बाबा कण्हले नाहीत. एकदा थांबले, भिंतीला टेकले, पुन्हा निघाले.

काचेपलीकडे आई झोपली होती. तोंड आमच्याकडे होतं. तिच्या गालांवर कितीतरी दिवसांनी रंग दिसत होता. पलंगाच्या कडेला लावलेल्या पिशवीत थेंब पडत होते, एकामागून एक, अगदी संथ.

“काच वाजवू का?” नर्सने विचारलं. “उठतील त्या.”

“नको,” बाबा म्हणाले. “झोपू दे तिला.”

त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला, नर्सच्या हातातून दुसरा सोडवून घेतला आणि काचेसमोर एकटे उभे राहिले. ती जागी होईपर्यंत.